नाव लपवून दिलेली गोष्ट

जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. ती चार नगरं कोणती, तर बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यात नाही.

१९ जुलै १९३८ ला ते कोल्हापुरात जन्मले हे खरं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे इथलेच, आईचं माहेर हुजूरबाजार, तेही इथलंच. संख्याशास्त्रातलं मोठं नाव असलेले वसंत हुजूरबाजार हे त्यांचे मामा. पण वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला होते, त्यामुळे पोराचं सगळं बालपण तिकडे गेलं. आपल्या वाट्याला आलं ते जन्मस्थान. तेवढ्यावर आपण 'कोल्हापूरचे सुपुत्र' म्हणतो आणि म्हणावंच, त्यात काही चूक नाही.

२० मे २०२५ ला ते गेले तेव्हा माझ्या मोबाइलवर दिवसभरात असे पंधरा-वीस मेसेज आले असतील. 'कोल्हापूरच्या सुपुत्रास भावपूर्ण आदरांजली', खाली फोटो, कडेला आकाशगंगा. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना सहज विचारलं, "नारळीकर कोण रे?" नववी-दहावीची पोरं. "शास्त्रज्ञ." बरोबर. "त्यांची एखादी गोष्ट वाचलीय?" सगळे गप्प. एकजण म्हणाला, "ते गोष्टी पण लिहायचे?"

त्या पोराचा काही दोष नाही. पण ज्या माणसानं स्वतःचं नाव लपवून गोष्ट दिली, त्याचं फक्त नाव आपण जपलं आणि गोष्ट हरवून बसलो, हे मला तेव्हापासून खटकतंय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

नाव लपवल्याची हकिकत आधी सांगतो.

१९७२ साली नारळीकर केंब्रिज सोडून भारतात आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. वय चौतीस. फ्रेड हॉइल या गुरूबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ सालीच जगभर गाजला होता, १९६५ साली पद्मभूषण मिळालं होतं. म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हे नाव माहीत. पुढे अहमदाबादला एका परिषदेत एक व्याख्यान इतकं कंटाळवाणं चाललं होतं, की त्यांनी परिषदेत वाटलेल्या कागदांवरच गोष्ट लिहायला घेतली. (वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर उद्योग करणाऱ्या पोरांनो, तुम्ही एकटे नाही.)

मराठी विज्ञान परिषद तेव्हा विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. १९७४ च्या स्पर्धेला ही गोष्ट पाठवायचं ठरलं. पण स्वतःच्या नावानं पाठवली तर परीक्षक नावाला बक्षीस देणार, गोष्टीला नाही. म्हणून आद्याक्षरं उलटी केली. जयंत विष्णु नारळीकरचे झाले नारायण विनायक जगताप. हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून गोष्ट उतरवून काढली मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ज्या स्वतः गणितज्ञ. गोष्टीचं नाव 'कृष्णविवर'. आणि जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

मला यात गंमतीपेक्षा जास्त काही दिसतं. पद्मभूषण मिळालेला माणूस. त्यानं नुसतं कळवलं असतं तरी कुठलाही संपादक दिवाळी अंकाचं पहिलं पान मोकळं करून बसला असता. त्याऐवजी तो ओळख ठेवून देतो आणि अनोळखी होऊन रांगेत उभा राहतो. शास्त्रातही हेच करायचं असतं. प्रयोग कुणाचा आहे हे बाजूला ठेवायचं, तो टिकतो का तेवढं बघायचं.

शास्त्रज्ञानं असं नाव झाकून गोष्टीच्या स्पर्धेत उतरायची ही देशातली पहिली वेळ नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली बंगालीत एक गोष्ट लिहिली. स्पर्धा होती 'कुंतलीन' नावाच्या केसाच्या तेलाच्या कंपनीची आणि गोष्टीत त्या तेलाचा उल्लेख हवा अशी अट. बोसांनी काय करावं? कलकत्त्यावर येणारं चक्रीवादळ बाटलीभर तेल समुद्रात ओतून शांत केलं! पाण्याच्या पृष्ठताणाचं शास्त्र आणि तेलाची जाहिरात, दोन्ही एका बाटलीत. बंगालमध्ये हा धागा तुटला नाही. १९६१ पासून सत्यजित रायांचा प्रोफेसर शोंकू 'संदेश' या मुलांच्या मासिकात आला आणि तिथल्या पिढ्या त्याच्यावर वाढल्या.

आपल्याकडेही सुरुवात तशी जुनी. कोचीहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत क्रमशः येत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न अक्षरशः घरोघरी नेला. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुस्तकं माझ्या आधीच्या पिढीनं उशाखाली ठेवून वाचली. फास्टर फेणेचे भागवत सगळ्यांना आठवतात, व्हर्नचे भागवत विसरले गेले. पण एक गोष्ट होती. त्या पुस्तकांत जाणारे-येणारे सगळे साहेब. तोफ अमेरिकेत, पाणबुडी कुठल्या तरी कॅप्टनची. मराठी पोरगं खिडकीतून बघणारं. चंद्रावर स्वारी व्हायची, पण आपल्या पत्त्यावरून नाही.

'कृष्णविवर'नंतर हे बदललं. 'किर्लोस्कर' मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडून आणखी कथा मागवल्या. आपल्या भागातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, की हे मासिक मूळचं आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचं. १९२० साली कारखान्याची 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालेलं. नांगर आणि पंप करणाऱ्यांच्या घरातून निघालेल्या मासिकानं मराठीत कृष्णविवर आणलं, हे मला फार शोभून दिसतं.

आणि दुसरा प्रसंग कराडचा. डिसेंबर १९७५, साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गा भागवत. आणीबाणी चालू, मंडपात स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. त्या संमेलनाची आठवण निघते ती दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध दाखवलेल्या धैर्याची, आणि ती निघायलाच हवी. पण त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. मराठी साहित्यात काहीतरी नवीन येतंय, असं ओळखणारी नजर लोकसाहित्याच्या अभ्यासक बाईंची होती. विज्ञानकथा म्हणजे पोरासोरांचं टाइमपास वाचन, असं मानणाऱ्या थोर मंडळींची तेव्हा कमी नव्हती. १९७९ मध्ये 'यक्षाची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लिहिणाऱ्यांची फळी उभी राहिली. कराडपासून मोजली तर ४६ वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष खुद्द नारळीकर होते. तब्येतीमुळे त्यांना जाता आलं नाही, ही चुटपुट राहिली.

आता गोष्टींकडे येतो, कारण खरा मामला तिथेच आहे.

'उजव्या सोंडेचा गणपती'. नाव ऐकल्याबरोबर आपल्याकडचं पोरगं कान टवकारतं. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, सोवळंओवळं फार, हे त्यानं आजीकडून ऐकलेलं असतं. ते तिथे बसतं आणि नारळीकर त्याला अलगद गणितात घेऊन जातात. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या, दोन्ही टोकं डिंकानं चिकटवा. याला म्हणतात मोबियसची पट्टी. तिच्यावर बोट ठेवून फिरवत राहा, बोट न उचलता दोन्ही बाजू होतात. म्हणजे बाजू मुळात एकच! आता कागदाऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, त्यावर उजवा पंजा काढा, जरा पुढे सरकून तसाच पुन्हा काढा, असं करत एक फेरी पुरी करा. सुरुवातीच्या पंजापाशी पोचाल तेव्हा उजव्याचा डावा झालेला असेल. नारळीकरांनी एवढंच विचारलं, की अख्खा माणूस अशा पीळ पडलेल्या अवकाशातून फिरून आला तर? उजव्या हातानं गोलंदाजी करणारा खेळाडू डावखुरा होऊन परत येईल. आणि डाव्या सोंडेचा गणपती?

मी ही गोष्ट वर्गात वाचून दाखवलीय. पंचवीस-तीस वर्षं हायस्कूलला शिकवलं, शेवटची काही वर्षं पन्हाळ्याच्या बाजूला. ऑफ तास मिळाला की वाचायचो. पहिल्या वेळी मी चूक केली. आधी मोबियसची पट्टी समजावली, मग गोष्ट वाचली. पोरं जांभया द्यायला लागली. दुसऱ्या वर्षी आधी गोष्ट वाचली आणि जिथे शास्त्र येतं तिथे पुस्तक मिटलं. तास संपला. दुसऱ्या दिवशी चार पोरं पट्ट्या चिकटवून घेऊन आली, एकानं तर उसाच्या पाचटाची केली होती. एका मुलीनं विचारलं, "सर, त्या माणसाचं काळीज पण उजवीकडं गेलं असंल की. मग त्याला स्वतःला कळंल का, का बाकीच्यांनी सांगितल्यावरच कळंल?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत असे तास मोजून दहा-बारा मिळाले असतील.

दुसरी गोष्ट 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. पुण्याहून मुंबईला निघतात तर घाटातला बोगदा संपल्यावर 'सरहद' नावाचं स्टेशन लागतं, तिथून ब्रिटिशांचा मुलूख सुरू. ईस्ट इंडिया कंपनी अजून चालू आहे. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात ते पुस्तकं उघडून बसतात, नेमकं कुठे वळण बदललं ते शोधायला. सापडतं ते एवढंच, की विश्वासरावांना लागलेली गोळी इथे लागली नाही. कानाजवळून गेली. बाकी सगळा इतिहास त्या बोटभर अंतरातून फुटलेला.

आपल्याच जिल्ह्याचे विश्वास पाटील, त्यांची 'पानिपत' कादंबरी १९८८ ला आली आणि आजही इथल्या लायब्ररीत तिची प्रत जागेवर नसते. म्हणजे पानिपत हा आपल्याकडच्या पोरांच्या जिव्हाळ्याचा विषय. 'जिंकलो असतो तर' यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद घालणारी पोरं मी रोज बघतो. पण ती गोष्ट नुसतं तुमच्या छातीवर हात फिरवत नाही. ती विचारते, 'असतो तर' म्हणजे नेमकं कशामुळे? पुरावा कुठला? कुठल्या बखरीत? व्हॉट्सअ‍ॅपवर इतिहास शिकणाऱ्या पिढीला याच्याइतकं चांगलं औषध मला माहीत नाही. आणि गंमत बघा, हीच गोष्ट इंग्रजीतून 'द अ‍ॅडव्हेंचर' नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात आली. म्हणजे केरळ, बिहार, दिल्लीतल्या लाखो पोरांनी ती परीक्षेसाठी वाचली. भाऊसाहेबांची बखर म्हणजे काय ते त्यांना तळटीप बघून कळलं असेल. ज्याला तळटीप लागत नाही, तो आमच्या गल्लीतला गडी विचारतो, ते गोष्टी पण लिहायचे?

'धूमकेतू'बद्दल थोडक्यात. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं दिसतं, शास्त्रज्ञ तो वळवायला धडपडतात आणि ज्यानं तो शोधला त्याच्याच घरात शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. संकट टळतं. श्रेय कुणाला मिळतं हे तुम्ही ओळखलंच असेल. लहान मुलांसाठी या गोष्टीवर चित्रपटही निघाला. पुढे २००८ मध्ये नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका, मूल हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं. सरासरी ४६ टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं. लेखात तेच, प्रयोगात तेच. पण पोरांना आकड्यांआधी गोष्ट पोचते, हे त्यांना ठाऊक होतं.

नारळीकरांच्या कथा साहित्य म्हणून बघितल्या तर सगळ्याच उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. पात्रं कधी कधी पुठ्ठ्याची वाटतात, शास्त्र सांगायला म्हणून उभी केलेली. दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसून एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी समजावतात. बायका बऱ्याचदा चहा आणतात. आजच्या पोरीला ते टोचेल आणि तिनं तसं वर्गात म्हणावं. विज्ञानकथा हे विज्ञान पाजायचं शर्करावगुंठित औषध आहे की ती स्वतःच साहित्य आहे, हा वाद मराठीत जुना आहे. माझं मत वर्गातल्या अनुभवावरून झालंय. औषध म्हणून दिली की पोरं थुंकतात.

आणि आपण नेमकं औषध म्हणूनच देतो. भालबा केळकर हे पुण्याच्या पीडीएचे, नाटकवाले म्हणून माहीत असलेले गृहस्थ. त्यांची 'यंत्रांनी केलं बंड' ही विज्ञानकथा नववीच्या मराठी कुमारभारतीत आली. चांगली निवड. आज एआयच्या काळात तर त्या शीर्षकावरच दोन तास गप्पा होतील. पण मी बघितलेल्या वर्गांत पहिला प्रश्न असायचा 'आकृतिबंध पूर्ण करा'. पोरं गोष्ट न वाचता गाइडमधून चौकटी भरायची. यंत्रांना बंड करायची गरजच काय?

दुसरं कपाटाचं. मी ज्या एका शाळेत होतो, तिथे विज्ञानकथांची दीडेकशे पुस्तकं होती. अनुदानातून आलेली, कोरी. कपाटाला कुलूप, किल्ली कार्यालयात. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, हा प्रश्न. तपासणीच्या दिवशी कपाट उघडायचं, साहेब बघून जायचे, परत कुलूप. मी दोनदा भांडलो, तिसऱ्यांदा कंटाळलो. ही माझीही चूक, ती कबूल करतो. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ज्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथे पुस्तक फाटायची भीती वाटावी? पुस्तक फाटलं म्हणजे कुणीतरी वाचलं, राव!

नारळीकरांची एक सवय मला फार आवडते. व्याख्यान संपलं की पोरं वह्या घेऊन सहीसाठी गर्दी करायची. ते सही द्यायचे नाहीत. सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. आणि उत्तरं जायची. म्हणजे सही हवी तर आधी प्रश्न पाहिजे. बनारसला त्यांच्या घरी भिंतीवर फळे होते. तिथे राहायला असलेले मोरूमामा, हेही हुजूरबाजारच, त्यावर या भाच्यासाठी गणिताचं आव्हान लिहून ठेवायचे आणि सुटेपर्यंत पुसायचे नाहीत. कोल्हापूरच्या मामानं लावलेली खोड ती. त्या पोस्टकार्डाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता पोस्टकार्डाला उत्तर देणारं कुणी नाही. पण गोष्टी आहेत, छापलेल्या आहेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांनाही मिळून जातात. ज्यांच्याकडे 'यक्षाची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'प्रेषित', भागवतांचा व्हर्न किंवा फोंडके-लोंढे-जावडेकरांचं काहीही पडून असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, मी येऊन घेऊन जाईन. शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेचं कपाट उघडायचं असेल आणि फाटण्याची भीती असेल तर फाटलेलं पुस्तक मी चिकटवून देतो, बाइंडिंग येतं मला. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाच्या खोलीत 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचणार आहे. कागद आणि डिंक मी आणतोय, पोरांनी कात्री तेवढी घरून आणावी.